लकब एक, धनी तीन

मराठीत ‘लकब’ म्हणजे माणसाची ढब, अंगात भिनलेली सवय. बोलताना मान हलवण्याची लकब, हसण्याची लकब. आपल्या घरात मात्र हाच शब्द उर्दू-अरबीच्या वाटेने दुसऱ्या अर्थाने येतो. तेथे लकब म्हणजे लोकांनी बहाल केलेले नाव. तखल्लुस शायर स्वतः निवडतो, उर्फ घरचे ठेवतात, खिताब सरकार देते. लकब लोक देतात, आणि लोक विसराळू असतात. एकाला दिलेले नाव ते पुढे दुसऱ्यालाही देऊन टाकतात, कधी कधी पहिला धनी हयात असतानाच.

मराठी रंगभूमीने यावर एक शहाणा उपाय शोधला होता. नारायण श्रीपाद राजहंस ‘बालगंधर्व’ झाले. पुढे रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे शागीर्द, ‘सवाई गंधर्व’ झाले. सौदागर नागनाथ गोरे ‘छोटा गंधर्व’ आणि शिवपुत्र कोमकली ‘कुमार गंधर्व’. गंधर्व चौघेही, पण प्रत्येकाच्या दारावर वेगळी पाटी. कोणाचा हक्क कोणी मारला असे म्हणायला जागाच ठेवली नाही.

आखाड्यातली रीत निराळी. रुस्तुम हा फिरदौसीच्या ‘शाहनामा’तला पहिलवान. ‘रुस्तुम-ए-हिंद’ ही लकब एका वेळी एकाचीच, आणि ती मातीत उतरून घ्यायची. रहीमबख्श सुलतानीवाला या उंचापुऱ्या मल्लाकडून ती गामाकडे आली. १९५४ साली दारासिंग रुस्तुम-ए-हिंद झाला. फाळणीनंतर पाकिस्तानात गामाचा पुतण्या भोलू ‘रुस्तुम-ए-पाकिस्तान’ म्हणून गाजला. म्हणजे जमिनीबरोबर रुस्तुमाचीही वाटणी झाली. येथे निदान हिशेब चोख आहे, कोणाकडून कोणाकडे गेले ते सांगता येते.

क्रिकेटमध्ये ना उपसर्ग, ना कुस्ती. तेथे वर्तमानपत्रवाले आणि समालोचक नाव देतात आणि तेच ते दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवतात. ‘टायगर’च घ्या. ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर बिल ओ’रायली तिसाच्या दशकात टायगर म्हणून ओळखला जाई. आमचे मन्सूर अली खान पतौडी घरात लहानपणापासूनच टायगर. १९६१ साली इंग्लंडमध्ये मोटार अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली आणि १९६२ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते भारताचे कर्णधार झाले. एका डोळ्याने वेगवान गोलंदाजी खेळणाऱ्या माणसाला हे नाव इतके शोभले की ते क्रिकेटनेच दिले असावे असा अनेकांचा समज झाला. गोल्फमधला टायगर वुड्स हा वडिलांच्या व्हिएतनामी सैनिक मित्राच्या टोपणनावावरून टायगर. सिनेमातला टायगर श्रॉफ हा मूळचा जय हेमंत. वाघ चार, रान चार. यात कोणाचे काही बिघडले नाही. बिघडले ते ‘लिटल मास्टर’ या नावाबाबत.

हनीफ मोहंमद हा २१ डिसेंबर १९३४ रोजी जुनागढला जन्मला. जुनागढच्या नवाबाने पाकिस्तानात सामील होण्याचा निर्णय घेतला आणि थोड्याच दिवसांत संस्थान भारतात आले, हा १९४७ सालचा गोंधळ इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींत संपतो. हनीफच्या घराण्यासाठी त्या दोन ओळी म्हणजे बाडबिस्तरा गुंडाळून कराची गाठणे होते. आई अमीर बी स्वतः खेळाडू होत्या. वझीर, रईस, हनीफ, मुश्ताक, सादिक असे पाच भाऊ. त्यांपैकी चार जण कसोटी खेळले. १९६९ साली कराचीत न्यूझीलंडविरुद्ध हनीफ, मुश्ताक आणि सादिक हे तिघे भाऊ एकाच कसोटीत मैदानात उतरले, आणि तीच हनीफची शेवटची कसोटी ठरली.

पहिली कसोटी मात्र तो भारतातच खेळला. १९५२ साली पाकिस्तानचा संघ पहिल्या कसोटी मालिकेसाठी येथे आला, तेव्हा त्याचा कर्णधार अब्दुल हफीज कारदार हा १९४६ साली भारताकडून इंग्लंडात खेळून आलेला होता. समोर भारतीय संघात हैदराबादचा गुलाम अहमद होता. पाच वर्षांपूर्वी एकाच पंगतीला बसलेली माणसे आता समोरासमोर उभी होती. दिल्लीच्या पहिल्या कसोटीत सतरा वर्षांचा हनीफ यष्टिरक्षक आणि सलामीवीर अशी दोन्ही कामे करीत होता. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर दुसऱ्या डावात त्याने ९६ धावा केल्या. शतक चार धावांनी हुकले. ते त्याने आठ वर्षांनी, डिसेंबर १९६० मध्ये, त्याच ब्रेबॉर्नवर पुरे केले. तेव्हा १६० धावांवर तो धावबाद झाला.

त्याची खरी ओळख जगाला झाली ती जानेवारी १९५८ मध्ये बार्बाडोसच्या ब्रिजटाऊनला. वेस्ट इंडीजने ९ बाद ५७९ वर डाव सोडला. पाकिस्तान १०६ धावांत गारद. फॉलोऑन, आणि पिछाडी ४७३ धावांची. कसोटी सहा दिवसांची होती आणि अजून तीन दिवसांहून अधिक खेळ बाकी होता. हनीफ उभा राहिला तो ९७० मिनिटे, म्हणजे सोळा तास दहा मिनिटे. धावा ३३७. सामना अनिर्णित राहिला. कसोटीतली वेळेच्या हिशेबाने ही सर्वांत दीर्घ खेळी आजही आहे. सोबर्सच्या ३६५ धावा याच मालिकेतल्या, पण आमच्या मते मोठी खेळी हनीफचीच. जिंकण्यासाठी खेळणे आणि हरू नये म्हणून खेळणे यात दुसऱ्याला छाती जास्त लागते.

पुढच्याच वर्षी, जानेवारी १९५९ मध्ये, कराचीकडून बहावलपूरविरुद्ध खेळताना त्याने ब्रॅडमनचा ४५२ धावांचा प्रथम श्रेणीचा विक्रम मागे टाकला. दिवसाचे दोन चेंडू उरले असताना धावफलकावर त्याच्या नावापुढे ४९६ आकडा होता. शेवटचा चेंडू आपल्याला मिळावा म्हणून दुसरी धाव घेताना तो बाद झाला. परतताना कळले की फलकावरचा आकडा मागे होता आणि तो ४९९ वर धावबाद झाला आहे. फलक हलवणाऱ्या पोराची चूक! १९९४ साली लाराने नाबाद ५०१ धावा करीपर्यंत हा विक्रम टिकला.

उंची बेताची, बचाव पोलादी. म्हणून लिटल मास्टर.

दुसरा धनी मुंबईचा. सुनील गावसकर, जन्म १० जुलै १९४९. तोही ठेंगणा, तोही सलामीवीर, तोही वेस्ट इंडीजच्या मैदानांवर नावारूपाला आला. १९७१ साली पदार्पणाच्या मालिकेत चार कसोट्यांत ७७४ धावा. नाव त्याला इतके अचूक बसले की कोणी विचारलेही नाही, हे आधी कोणाचे होते? तिसरा धनीही मुंबईचाच, सचिन तेंडुलकर. त्याच्या बाबतीत एक गंमत अशी की त्याचे पहिले नावच उसने. वडील, कवी रमेश तेंडुलकर, यांनी ते संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवले. ‘मास्टर ब्लास्टर’ हेही व्हिव्ह रिचर्ड्सचे आधीचे. हा मुलगा १५ नोव्हेंबर १९८९ रोजी पहिली कसोटी खेळला ती हनीफच्या कराचीत. केल्या पंधरा धावा, आणि त्रिफळा उडवला त्याच दिवशी पदार्पण करणाऱ्या वकार युनूसने.

आम्ही हे का उगाळीत आहोत, असे कोणी विचारील. कारण आमच्या पिढीच्या मराठी मुसलमानाला हनीफचे नाव घेताना आवाज जरा खाली आणावा लागला आहे. भारत-पाकिस्तान सामना असला की चहाच्या टपरीवर लोक आधी रेडिओकडे आणि मग आमच्या चेहऱ्याकडे पाहत. गावसकरने शतक काढले की आम्ही टाळी वाजवीत होतो, आणि शेजाऱ्यापेक्षा जरा मोठ्याने वाजवीत होतो. आनंद खरा होता, आणि ती जास्तीची टाळीही खरी होती. अशा हवेत ‘लिटल मास्टर हे मुळात हनीफचे’ एवढी साधी नोंदही पक्षपात ठरली असती. म्हणून ती कोणी केली नाही. आमच्याकडच्या जाणत्यांनीही नाही. पलीकडे, कराचीत, उलटे झाले. तेथे गावसकरला हे नाव म्हणजे चोरी, असे म्हणणारे निघाले. दोन्ही बाजूंना लकब म्हणजे सातबारा वाटला.

वास्तविक धावांचा कागद पाहिला तर या तिघांमध्ये भांडण नाही, येणे-जाणे आहे. गावसकरने ७ मार्च १९८७ रोजी अहमदाबादला कसोटीतली दहा हजारावी धाव घेतली ती पाकिस्तानविरुद्ध. त्याच मालिकेत, बंगलोरच्या फिरक्या खेळपट्टीवर, तो शेवटची कसोटी खेळला. विजयासाठी २२१ हवे होते. त्याने ९६ केल्या आणि इक्बाल कासिमच्या गोलंदाजीवर झेल देऊन परतला. भारत १६ धावांनी हरला. हनीफचे मुंबईतले ९६ पाकिस्तानला वाचवू शकले नव्हते, गावसकरचे बंगलोरचे ९६ भारताला. पस्तीस वर्षांच्या अंतराने एकच आकडा, एकच हळहळ. पराभवातली ही दुसरी खेळी आजही जाणकार त्याच्या उत्तम खेळींत मोजतात, आणि ते योग्यच आहे.

११ ऑगस्ट २०१६ रोजी हनीफ मोहंमद कराचीत वारले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी मृत्युलेख छापले. नुसते ‘लिटल मास्टर गेले’ असे लिहिता येईना, वाचकाच्या मनात तोवर मुंबईचे दोन चेहरे आले असते. म्हणून जगभरच्या मथळ्यांत त्या नावाआधी एक शब्द घालावा लागला, ‘मूळ’. साठ वर्षांनी त्याला त्याचा उपसर्ग मिळाला.