कन्हानची माती आणि कोरिंगा बंदर

रामाकोन्याच्या माणसाला बंदराच्या इतिहासाशी काय देणंघेणं, असं कोणी विचारेल. समुद्र आपल्यापासून शेकडो कोस लांब. पण नकाशा काढा आणि आपल्या कन्हानवर बोट ठेवून खाली खाली जा. अंभोऱ्याला ती वैनगंगेत मिळते. वैनगंगा पुढे वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. तिथे मुखाच्या उत्तरेला, एका लहान फाट्यावर, कोरिंगा नावाचं बंदर होतं.

अठराव्या शतकात हे बंदर नावाजलेलं होतं. जहाजं बांधायची, दुरुस्त करायची ही जागा. जवळच यानमला फ्रेंच आणि इंजरमला इंग्रज वखार घालून होते. ब्रह्मदेशात तेलुगू मजुरांना 'कोरंगी' म्हणत, ते याच गावावरून. आज तिथे खारफुटी आहे.

बंदर वादळाने संपलं, असं बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. वादळं खरीच. डिसेंबर १७८९ मध्ये समुद्राच्या तीन लाटा एकामागून एक गावावर आल्या. २५ नोव्हेंबर १८३९ ला पुन्हा तसंच झालं. १७८९ ची हकीकत नोंदवणाऱ्या हेन्री पिडिंग्टनने १८४८ मध्ये 'सायक्लोन' हा शब्द रूढ केला. १८३९ मध्ये तीन लाख माणसं आणि वीस हजार जहाजं गेली, असे आकडे सगळीकडे छापलेले असतात. एवढ्याशा बंदरात वीस हजार जहाजं उभी कुठे राहणार? मला तरी ते पटत नाही.

दोन्ही वादळं पावसाळा सरल्यावरची. त्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर हा धोक्याचा काळ. समुद्र उथळ असला की वाऱ्याने ढकललेल्या पाण्याला खाली जागा मिळत नाही, ते वर चढतं आणि जमिनीवर येतं. पण वादळानंतर गाव पुन्हा उभं राहू शकतं. जहाजाला लागणारी खोली गेली, तर बंदर उभं राहत नाही.

ती खोली गाळाने खाल्ली. गोदावरीचं बहुतेक पाणी पावसाळ्यातच वाहतं आणि गाळही तेव्हाच जातो. त्यात दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज, म्हणजे आपली काळी माती, मोठ्या प्रमाणात असते. पाण्याने फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. इमारतीचा पाया घेताना जी आपल्याला छळते, तीच चिकणमाती तिकडे खाडीच्या तळाला जाऊन बसते. मुंबईला मोठ्या भरतीला पाणी पाच मीटरच्या घरात चढतं-उतरतं. काकीनाड्याला दीड मीटरच्या आसपास. एवढ्याशा ओहोटीत गाळ बाहेर ओढून न्यायचा जोर कुठला? शिवाय किनाऱ्यालगतच्या प्रवाहाने वाळू उत्तरेकडे सरकवून होप बेट नावाचा लांबच लांब दांडा तयार केला. त्याच्या आडोशाने काकीनाड्याची खाडी शांत झाली आणि कोरिंग्याचा व्यापार तिकडे सरकला. तिथेही मोठी जहाजं काही मैल लांब उभी राहत आणि माल पडावांनी जाई. खोल पाण्याचं बंदर झालं ते १९९७ मध्ये.

आपला संबंध नुसत्या मातीपुरता नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ नंतर कापसाला भाव आला, तेव्हा वऱ्हाड-नागपूरचा कापूस गोदावरीतून नावेने काकीनाड्याला न्यायची योजना जोरात होती. सर आर्थर कॉटन तिचे पुरस्कर्ते. दुम्मगुडेमसह तीन ठिकाणी खडकांचे धरे नाव अडवत, तिथे कालवे खोदायला घेतले. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली आणि १८७१ मध्ये हे काम सोडून दिलं. आपला कापूस पश्चिमेला वळला. माती मात्र पूर्वेलाच जात राहिली.

आता तीही पूर्वीसारखी जात नाही. तोतलाडोह, गोसीखुर्द आणि खालची धरणं गाळ अडवतात. काकीनाड्याच्या उत्तरेला उप्पाडा गावाची जमीन समुद्र दरवर्षी खातो आहे. ज्या मातीने एक बंदर बुजवलं, तिचीच आता त्या किनाऱ्याला चणचण आहे. मंडळी, कन्हानच्या जुन्या पुरांच्या आठवणी गावोगाव विचारताना पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं एवढंच विचारू नका. ओसरल्यावर शेतात किती गाळ राहिला आणि बांधावरून किती माती गेली, तेही लिहून घ्या.