अलार्म फरक सांगतो, कारण नाही

आज तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानाची सुरुवात मी भोसरीतल्या एका वर्कशॉपपासून करतो. मालक माझा जुना विद्यार्थी. त्याचं जुनं सीएनसी मिलिंग मशीन मधूनच थांबायचं. अलार्म एक्स अक्षाचा: टेबलाला सांगितलेली जागा आणि टेबलाची प्रत्यक्ष जागा यांतला फरक मर्यादेबाहेर गेला. तंत्रज्ञ म्हणाला, ड्राइव्ह बदला. मालकाचा संशय नव्या ऑपरेटरवर. पोरगा आला त्याच आठवड्यात मशीन बिघडलं ना! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.

आता या 'फरका'चा इतिहास बघा. 'सर्व्हो'च्या मुळाशी लॅटिनमधला 'गुलाम' आहे. फ्रेंच अभियंता जोसेफ फार्को याने १८७३ मध्ये आपल्या वाफेच्या यंत्रांवरच्या पुस्तकाला 'सर्व्हो-मोटर' हे नाव दिलं. पण नुसता हुकूम पाळणं पुरेसं नसतं, हुकूम पाळला गेला का याची खबर परत यावी लागते. अमेरिकेत एमआयटीमध्ये हॅरोल्ड हेझन याने १९३४ साली हे नेमकं मांडलं: सर्व्होला चालवतो तो हुकूम आणि प्रत्यक्ष यांतला फरक. तिथेच १९४० साली गॉर्डन ब्राउन याने सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळा उभारली. युद्धात तिचं काम तोफांचा नेम धरण्याशी जोडलेलं होतं. युद्धानंतर हेलिकॉप्टरची पाती बनवणारा जॉन पार्सन्स आकड्यांवर चालणाऱ्या यंत्राची कल्पना घेऊन आला, आणि १९५२ मध्ये या प्रयोगशाळेने तीन अक्षांचं तसं मिलिंग मशीन चालवून दाखवलं.

यातली गंमत अशी की सर्व्हो लहानसहान अडचणी स्वतःच झाकतो. फरक वाढला की तो जास्त जोर लावतो. अगदीच जमेना, तेव्हा अलार्म. म्हणजे अलार्म फरक सांगतो, कारण सांगत नाही. ड्राइव्ह, मोटर, केबल, कोरडा पडलेला स्लाइड, अडकणारा बॉलस्क्रू, कुणीही दोषी असू शकतं.

इथे जॉन स्टुअर्ट मिल कामाला येतो. १८४३ च्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात त्याने व्यतिरेकाची पद्धत सांगितली: बाकी सगळं तेच ठेवा, एकच गोष्ट बदला. आपल्या न्यायशास्त्रात अन्वय-व्यतिरेक आहेच.

वर्कशॉपमध्ये एक्स आणि वाय यांचे ड्राइव्ह एकाच जातीचे होते. वीज बंद केली, कपॅसिटर उतरू दिले आणि दोन्हींची अदलाबदल केली. दोष वायकडे गेला नाही, एक्सवरच राहिला. ड्राइव्ह निर्दोष! तेव्हा तो ऑपरेटर पोरगा हळूच म्हणाला, "सर, टेबल डाव्या टोकाला गेलं की मगच होतं." बॉलस्क्रू हाताने फिरवून पाहिला, सुरळीत. मग उरली टेबलाबरोबर वाकणारी, मोटरच्या वेगाची खबर आणणारी केबल. तिच्याऐवजी दुसरी केबल बाहेरून जोडली, अलार्म गेला. जुनी परत लावली, अलार्म आला. हा झाला अन्वय आणि व्यतिरेक. केबलमधली एक तार वाकून वाकून आतून तुटली होती.

ड्राइव्हचा खर्च वाचला, हे ठीकच. पण कारण शोधल्याशिवाय दोष दिला असता, तर त्या पोराची नोकरी गेली असती. आणि दोष शोधायला लागणारं निरीक्षण नेमकं त्याच्याकडेच होतं. ज्याच्यावर संशय आहे, त्यालाही विचारावं, एवढंच आज सांगायचं होतं. थांबतो. प्रश्न घेऊ या.