डिकी, मिसळ आणि मातीचा कप

गोल्फ क्लबच्या मैदानावर रणजी मॅच असली की आमची तयारी आदल्या रात्रीच: थर्मास, सतरंजी, मटकीची उसळ, तर्री वेगळ्या डब्यात, पावाच्या लाद्या, कागदी कप. मॅचआधी गाडीची डिकी उघडायची आणि तिथेच नाश्ता. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलआधी हेच चालतं, त्याला टेलगेट पार्टी म्हणतात. आमची आपली डिकी-मिसळ!

कप काढले की मला बाळू पालवणकर आठवतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात ते हिंदूंच्या संघाचे हुकमी बॉलर. त्यांनी टाकलेला बॉल सगळ्यांना चालायचा. चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या कपात, कारण जात चांभार. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच माणसाने शंभरावर विकेट्स काढल्या! तरी हिंदू संघाचा कप्तान म्हणून त्यांची निवड कधीच झाली नाही. तो मान १९२३ मध्ये धाकट्या विठ्ठलला मिळाला, आणि त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली.

आमच्यातला एकजण घरून स्टीलचा पेला आणतो. मी त्याला 'पर्यावरणवाले' म्हणून चिडवायचो. एकदा तो म्हणाला, "आजोबांचा कप गावातल्या हॉटेलबाहेर वेगळा ठेवलेला असायचा रे."

हल्ली सगळ्यांसाठी स्टीलचे पेले मीच आणतो. धुवायला बारी लावलीये.