काळ्या पाण्यावर गेलेली काशीबाई

काळं पाणी म्हटलं की आपल्याला सेल्युलर जेल आणि सावरकर आठवतात. पण ते जेल बांधून पूर्ण झालं १९०६ मध्ये. त्याच्या चाळीसेक वर्षं आधी आपल्या पुण्यातल्या एका स्वयंपाकीणबाईला काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. तिचं नाव काशीबाई. चोरी नाही, दरोडा नाही... स्वतःचं मूल मारल्याचा गुन्हा.

तिची हकीकत जोतीराव फुल्यांनी लिहून ठेवली आहे. मलबारीशेठनी सक्तीच्या वैधव्यावर टिपण काढलं होतं, त्यावर जोतीरावांनी डिसेंबर १८८४ मध्ये आपलं मत कळवलं, त्यात ती येते. जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी ती स्वयंपाकाला होती. तरुण, गरीब, चांगल्या घरातली ब्राह्मण विधवा. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला नादी लावलं. दिवस गेले. त्याच्याच सल्ल्याने तिने नाही नाही ती औषधं घेतली, पण उपयोग झाला नाही. मुलगा झाला. अब्रूच्या भीतीने तिने त्याला सुरीने मारलं आणि मालकाच्या घरामागच्या विहिरीत टाकलं. दोन दिवसांनी पोलिसांनी धरलं. पुण्याच्या सेशन कोर्टाने जन्मभर काळं पाणी सुनावलं. शास्त्रीबुवांना काय शिक्षा झाली? त्या मजकुरात तरी काही नाही.

विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता, हे इथे लक्षात घ्या. कायद्याने तिला लग्न करता येत होतं, पण पेठेत राहून ते करणं कुणाला शक्य होतं? गंमत बघा (गंमत तरी कशी म्हणू!), अंदमानात स्त्री-कैद्यांना काही वर्षांनी तिथल्याच कैद्याशी लग्न करायची मुभा असे. जे पुण्यात जमत नव्हतं ते काळ्या पाण्यावर चालत होतं.

या खटल्यानंतर जोतीरावांनी, खर्च झेपत नसतानाही, १८६३ मध्ये स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. ब्राह्मण वस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर छापील पत्रकं चिकटवली. १८८४ पर्यंत पस्तीस विधवा तिथे बाळंत झाल्या. त्यांतली पाचच मुलं हयात होती. बाकीची आयांनी आधी घेतलेल्या विषारी औषधांमुळे गेली.

आता माझी एक कबुली. १८७४ च्या सुमारास जोतीराव-सावित्रीबाईंनी यशवंतला दत्तक घेतलं. त्याच्या आईचं नावही काशीबाईच सांगतात. मी वर्गात कित्येक वर्षं या दोघींची एकच काशीबाई करून सांगत आले. "फुल्यांनी काशीबाईला वाचवलं" असं म्हटलं की गोष्ट छान पूर्ण व्हायची, मुलंही खूश.

पण पहिलीला कुणीच वाचवलं नाही. ती गेली, म्हणून ते घर उघडलं, म्हणून दुसरीला दार सापडलं. माझे जुने विद्यार्थी हे वाचत असतील तर त्यांनी बाईंची ही चूक दुरुस्त करून घ्यावी. आणि पुढे कधी गंज पेठेत फुलेवाडा बघायला गेलात, तर त्या पहिलीचीही आठवण काढा.