फिशर रँडम बुद्धिबळ : ९६० मांडण्यांचा डाव

मैसूर जंक्शनहून चामराजनगरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर चामराजपुरम हे पहिले स्थानक लागते. शहराच्या या जुन्या भागापासून जवळच जगन्मोहन राजवाडा आहे. १८६१ मध्ये तो बांधवून घेणारे तिसरे कृष्णराज वडियार (१७९४-१८६८) हे बुद्धिबळाचे निस्सीम उपासक होते. १८३१ मध्ये ब्रिटिशांनी राज्यकारभार आपल्या हाती घेतला आणि राजांना सवड मिळाली. तिचा मोठा भाग पटावरील खेळांच्या अभ्यासात गेला. घोड्याने पटावरील ६४ घरे प्रत्येकी एकदाच फिरून यावीत आणि त्या क्रमांकांची आडवी-उभी प्रत्येक बेरीज २६० यावी, अशी फेरी त्यांनी रचली. नेहमीपेक्षा मोठ्या पटांवरचे बुद्धिबळही त्यांनी योजले. बुद्धिबळाची ठरलेली चौकट बदलता येते, ही त्यामागची धारणा होती.

सव्वाशेहून अधिक वर्षांनी माजी जगज्जेता बॉबी फिशर याने ही चौकट वेगळ्या बाजूने मोडली. त्याने पट बदलला नाही की मोहऱ्यांच्या चाली बदलल्या नाहीत. बदलली ती केवळ आरंभीची मांडणी. १९ जून १९९६ रोजी अर्जेंटिनातील ब्युनॉस आयर्स येथे त्याने हा प्रकार जाहीर केला. फिशर रँडम, चेस ९६० आणि अलीकडे फ्रीस्टाइल अशा नावांनी तो ओळखला जातो. मोहऱ्या इकडेतिकडे मांडून खेळण्याची कल्पना युरोपात त्यापूर्वीही मांडली गेली होती. फिशरने तिला शिस्त लावली.

ही शिस्त तीन नियमांची आहे. दोन उंट भिन्न रंगांच्या घरांत हवेत, राजा दोन्ही हत्तींच्या मध्ये हवा आणि काळ्याची मांडणी पांढऱ्याच्या अगदी समोरासमोर तीच हवी. प्यादी नेहमीप्रमाणे दुसऱ्या रांगेत. उंटांच्या जागा १६ प्रकारे ठरतात, उरलेल्या सहा घरांत वजीर सहा प्रकारे बसतो, पाच घरांत दोन घोडे दहा प्रकारे आणि राहिलेल्या तीन घरांत हत्ती-राजा-हत्ती हा क्रम आपोआप ठरतो. १६, ६ आणि १० यांचा गुणाकार ९६०. आपल्या परिचयाची मांडणी त्यातलीच एक असून शून्यापासून मोजणाऱ्या प्रचलित यादीत तिचा क्रमांक ५१८ आहे.

नवख्याला अडते ते किल्लेकोटापाशी. मोहऱ्या कोठूनही निघाल्या तरी किल्लेकोटानंतर राजा व हत्ती नेहमीच्याच घरांत येतात. त्यामुळे कधी राजा जागचा हलतच नाही आणि केवळ हत्ती उडी मारतो. हे दृश्य पहिल्यांदा पाहणाऱ्याला चूक झाली असेच वाटते.

फिशरचा रोख पाठांतरावर होता. संगणकाच्या साहाय्याने पहिल्या वीस-पंचवीस चाली घरीच तयार होतात आणि पटावर विचार सुरू होण्यापूर्वीच निम्मा डाव संपलेला असतो. मांडणी सामन्याच्या थोडा वेळ आधीच कळली, तर ही तयारी निरुपयोगी ठरते. भारतीय वाचकाला येथे एक गंमत जाणवेल. अकराव्या शतकात अल्बेरूनीने आपल्याकडे फासे टाकून चौघांनी खेळायच्या बुद्धिबळाचे वर्णन केले आहे. पुढे फासे गेले, निव्वळ बुद्धी उरली. फिशरने दैवाला परत आणले, पण पहिल्या चालीच्या अलीकडेच थांबवले. शिवाय आपल्या जुन्या देशी खेळात बहुधा राजासमोर राजा नव्हे, तर वजीर उभा असे. आजची मांडणी अनादी नाही.

जर्मनीतील माइन्झ येथे २००१ पासून या प्रकाराच्या मोठ्या लढती होऊ लागल्या. २००७ मध्ये तेथील अंतिम सामन्यात विश्वनाथन आनंदला लेव्हॉन अरोनियनने हरवले. जागतिक संघटना ‘फिडे’ने २००८ मध्ये हे नियम आपल्या नियमावलीत घेतले आणि २०१९ मध्ये पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा नॉर्वेत झाली. तिच्या अंतिम सामन्यात वेस्ली सो याने मॅग्नस कार्लसनचा १३.५-२.५ असा धुव्वा उडवला. २०२२ चे विजेतेपद हिकारू नाकामुराने मिळवले.

भारतीयांचा अनुभव संमिश्र आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील वाइसेनहाउस येथे डी. गुकेशने जलद डावात कार्लसनला हरवले. डिसेंबरमध्ये तो पारंपरिक बुद्धिबळाचा जगज्जेता झाला आणि दोन महिन्यांनी त्याच वाइसेनहाउसला दहा खेळाडूंत आठवा आला. पारंपरिक खेळातील सर्वोच्च पद या प्रकारात उपयोगी पडतेच असे नाही. जुलै २०२५ मध्ये लास वेगासला आर. प्रज्ञानंदने कार्लसनवर विजय मिळवला. नाशिकचा विदित गुजराथी २०२५ मध्ये पॅरिस व लास वेगास या दोन्ही ठिकाणी खेळला.

आक्षेपही आहेत. काही मांडण्यांत पांढऱ्याला नेहमीपेक्षा अधिक फायदा मिळतो, असे अनेकांचे मत आहे. शतकांच्या अभ्यासाने उभे राहिलेले प्रारंभशास्त्र एका झटक्यात बाजूला पडते, हे तर उघडच आहे. ज्यांनी त्यावर आयुष्य खर्चले त्यांची नाराजी समजण्यासारखी आहे. मात्र महागडा प्रशिक्षक न परवडणाऱ्या खेळाडूला पहिल्या चालीपासून बरोबरीची संधी हा प्रकार अधिक देतो.

घरी खेळण्यास संगणक लागत नाही, एक फासा पुरतो. प्रथम एका रंगाच्या चार घरांतून व मग दुसऱ्या रंगाच्या चार घरांतून उंटाचे घर निवडावे. पाच किंवा सहा पडल्यास फासा पुन्हा टाकावा. त्यानंतर उरलेली घरे डावीकडून मोजत वजीर व एकेक घोडा बसवावा. शेवटच्या तीन घरांसाठी फासा लागत नाही.