साडेचार गुणिले शंभर

मोबाइल घरीच ठेवा. पाकिटातल्या करड्या पाचशेच्या नोटाही काढून ठेवा, तिथे त्या कुणी हातात घेणार नाही. हजाराची नवी नोट यायला अजून दीड वर्ष आहे. तेव्हा शंभराच्या नोटांच्या गठ्ठ्याला रबर लावा, तो आतल्या खिशात सरकवा आणि डोंबिवली स्टेशनवर उभे राहा. तारीख २४ एप्रिल १९९९, वार शनिवार. सचिन आज २६ वर्षांचा झाला. वाजपेयींचं सरकार मागच्याच शनिवारी एका मताने पडलंय आणि ते एक मत नेमकं कुणाचं, याची खात्रीची माहिती डब्यात प्रत्येकाकडे आहे.

सोबत मामेबहीण आहे, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. ती लेडीजमध्ये चढते, तुम्ही जनरलमध्ये. दादरला पूल ओलांडून वेस्टर्नला या आणि चर्चगेट स्लो पकडा, कारण फास्ट गाडी ग्रँट रोडला थांबत नाही. पूर्वेला बाहेर पडलात की समोर मेरवान. १९१४ सालापासूनचं हे इराणी दुकान. मावा केक सकाळीच संपलेला असतो, तो मागून हसं करून घेऊ नका. चहा आणि ब्रून मस्का घ्या. टेबलावर ती पर्समधून दोन वस्तू काढून दाखवते : सायबर कॅफेत काढलेली एक प्रिंट आणि नेलपॉलिशची बाटली.

‘ही कशाला?’

‘घरी गेल्यावर सांगते, दादा.’

पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं आहे. टॅक्सीवाला मात्र लॅमिंग्टन रोडच ओळखतो. एका अंगाला नाझ, जिथे फिल्म डिस्ट्रिब्युटरांची ऑफिसं आहेत. पुढे मिनर्व्हा, जिथे ‘शोले’ पाच वर्षं चालला. या दोन खुणांच्या आसपास, जिन्याखाली, गाळ्यांत, पहिल्या मजल्यावरच्या अंधाऱ्या खोल्यांत कॉम्प्युटरचे सुटे भाग विकले जातात. ब्रँडेड मशीन घेणं हे बँका आणि सरकारी कचेऱ्यांचं काम. बाकीच्यांचा कॉम्प्युटर ‘असेम्बल्ड’ असतो. या रस्त्यावर जन्मलेला आणि दर दीड-दोन वर्षांनी काहीतरी बदलून घ्यायला इथेच परत आणलेला.

दुकानात शिरा. शिरा म्हणजे काउंटरला पोट टेकवून उभे राहा, आत जागा नाही. मागे छतापर्यंत खोकी, कोपऱ्यात स्टुलावर मालक, त्याच्या दोन्ही कानांशी फोन. रेटलिस्टची झेरॉक्स काउंटरवर असते, पण ती हातात घेतली की पोरगा म्हणतो, ‘ये कल का है. आज का अलग है.’ माल बाहेरून येतो, डॉलर ४२-४३ रुपयांच्या घरात आहे आणि तो हलला की लिस्ट हलते. बिल हवं असेल तर टॅक्स वेगळा. वॉरंटी म्हणजे दुकानाचा एक कागदी स्टिकर आणि त्यावर बॉलपेनने खुणावलेला महिना.

ती विचारते, ‘सेलेरॉन ३००ए है? स्लॉटवाला.’

पोरगा उत्तर तुम्हाला देतो. ‘साहब, पेंटियम टू लो ना. सेलेरॉन तो ऑफिसवाले लेते हैं, टायपिंग के लिए.’

तुम्ही काही बोलू नका. हा व्यवहार तिचा आहे. ती तोच प्रश्न पुन्हा त्याच आवाजात विचारते आणि खोका खाली येतो.

हा सेलेरॉन काय प्रकार आहे, ते इथेच समजून घ्या, कारण सगळी सहल त्याच्यासाठी आहे. १९९८च्या एप्रिलमध्ये इंटेलने पहिला स्वस्त सेलेरॉन काढला आणि पैसे वाचवायला त्यातली एल-टू कॅश काढूनच टाकली. म्हणजे प्रोसेसरला लागणारी माहिती हाताशी ठेवायची जी जागा, तीच गायब. सगळ्यांनी नावं ठेवली. मग ऑगस्टमध्ये ३००ए आला, त्यात १२८ केबी कॅश. थोडीच, पण थेट प्रोसेसरच्याच चकतीवर कोरलेली आणि त्याच्या पूर्ण वेगाने पळणारी. महागड्या पेंटियम टूची ५१२ केबी कॅश वेगळ्या चिपांमध्ये शेजारी बसवलेली होती आणि निम्म्या वेगाने चालायची. प्रोसेसर ताणायला गेलं की आधी त्या चिपा दम टाकायच्या. ३००एला तो अडसरच उरला नाही. इंटेल स्वस्त माल काढायला गेलं आणि वाट मोकळी करून बसलं.

आता गणित. या चिपचा गुणक साडेचारला कुलूपबंद आहे. मदरबोर्डचा बस, म्हणजे माहितीची ये-जा ज्या तालावर चालते तो, ६६ मेगाहर्ट्झ, गुणिले साडेचार, म्हणजे ३००. गुणकाला हात लावता येत नाही. पण बस? पेंटियम टूसाठी इंटेलनेच १०० मेगाहर्ट्झवर चालणारा ४४०बीएक्स चिपसेट बाजारात आणलेला आहे. त्यावर हीच चिप बसवली आणि बोर्डाला १०० वर चालायला लावलं, तर साडेचार गुणिले शंभर, ४५०. ज्या दिवशी ३००ए जाहीर झाला त्याच दिवशी, २४ ऑगस्ट १९९८ला, ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम टूही जाहीर झाला होता. घाऊक भाव एकाचा १४९ डॉलर, दुसऱ्याचा ६६९. रुपयांत साधारण ६,३०० आणि २८,४००.

आणि १०० हा आकडाच का, ८३ का नाही? कारण पीसीआय कार्डांना मिळणारा वेग बसला भागून काढतात. ६६ला दोनाने भागलं की ३३, १००ला तिनाने भागलं की पुन्हा ३३. साउंड कार्ड, हार्ड डिस्कचा कंट्रोलर, सगळे आपापल्या नेमल्या वेगात. ८३वर भागाकार दोनानेच राहतो, पीसीआय ४१च्या वर जातं आणि डिस्कवरच्या फायली खराब व्हायला लागतात. म्हणजे अर्धवट धाडस महागात आणि पूर्ण धाडस बिनधोक, असा दुर्मीळ योग या चिपच्या वाट्याला आला.

ती रॅम बघतेय, तिकडे बघा. ६४ एमबीची पट्टी. पोरगा ‘पीसी हंड्रेड’ म्हणून पुढे करतो. ती पट्टी कडेने धरून ट्यूबलाइटखाली तिरकी करते आणि काळ्या चिपांवरचं बारीक अक्षर वाचते. नंबराच्या शेपटाला उणे १० लिहिलेलं आहे. दहा नॅनोसेकंदांची, ६६च्या बसची रॅम. तिला उणे ८ हवी. पट्टी परत जाते, दुसरी येते. तिच्यावर ८ आहे. ‘मॅडम को सब मालूम है,’ पोरगा म्हणतो, आणि यानंतर तो तुमच्याकडे बघत नाही.

कॅबिनेटही घ्यावं लागतं. जुनं मशीन पेंटियम १६६ एमएमएक्स, एटी पद्धतीच्या कॅबिनेटमधलं. चिपसोबत घेतलेला नवा बीएक्स बोर्ड एटीएक्स, तो त्यात बसत नाही, आणि जुन्या एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा, प्लगही लागत नाही. अपग्रेडचं हे नेहमीचंच. निघायचं एका चिपसाठी आणि यायचं खोकी घेऊन. स्टेशनच्या जिन्यावर चढता चढता तिला आठवतं की घरचा कीबोर्ड जाड पिनेचा आहे. तुम्ही खोकी सांभाळत उभे राहा, ती कन्व्हर्टर घेऊन धावत परत येते. फुटपाथवरून एक सीडीही उचललेली असते, प्लास्टिकच्या पिशवीत, वर मार्करने ‘हाफ-लाइफ’.

ती सीडी बघून तुमच्या पोटात गोळा येतो. का, ते तिला अजून सांगू नका.

डोंबिवलीला पोचेपर्यंत उन्हं उतरतात, पण खोली तापलेलीच. जमिनीवर वर्तमानपत्र अंथरा. ३००ए खोक्यातून बाहेर काढा. स्लॉटवाल्या सेलेरॉनला पेंटियम टूसारखं काळं प्लास्टिकचं कवच नसतं. उघडी हिरवी पाटी, मधोमध चिप, वर हीटसिंक आणि इवलासा पंखा, खालच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची ओळ. ती प्रिंट समोर पसरते. बी बाजू, एकविसावी पट्टी. बोर्डाला ‘मी ६६वाला आहे’ हे सांगणारी पट्टी ती. ती झाकली तर बोर्ड प्रोसेसरला १००वाला समजतो. ती पेन्सिलच्या टोकाने मोजते, पुन्हा मोजते, तुम्हाला मोजायला लावते. मग नेलपॉलिशचा ब्रश बाटलीच्या तोंडाला निपटून जवळजवळ कोरडा करते, श्वास धरते आणि एकाच पट्टीवर एक बारीक गुलाबी रेघ ओढते. शेजारच्या पट्टीला जरा लागलं. टाचणीने खरवडते. फुंकर घालते. वाळेपर्यंत दोघांपैकी कुणी बोलत नाही.

चिप स्लॉटमध्ये दाबा. बोर्ड इतका वाकतो की मोडणार असं वाटतं, मोडत नाही. रॅमच्या दोन्ही कानांचा खटका ऐका. बटण दाबा. पंखा फिरतो, एक छोटी शीळ, आणि चौदा इंची पडद्यावर मेमरी मोजली जाते, ६५५३६ पर्यंत. वरच्या ओळीत ४५०.

ती ओरडत नाही. ‘थांब,’ म्हणते, ‘विंडोज चढू दे.’

विंडोज ९८ चढवण्याचं वर्णन मी करत नाही, ते ज्यांनी केलंय त्यांना नको असेल. त्यानंतर वूडू टू. १२ एमबीचं हे कार्ड तिने वायटूकेच्या कामाला अमेरिकेत निघालेल्या एका सीनियरकडून जुनं घेतलंय. या वर्षी डोंबिवलीत बरीच मशीन अशी रिकामी झाली आहेत. वूडू फक्त थ्रीडी काढतं. साध्या चित्रासाठी जुनं एस३ व्हर्ज कार्ड लागतंच. त्या कार्डातून निघालेली छोटी केबल वूडूत घालायची आणि मॉनिटर वूडूला जोडायचा. खेळ सुरू झाला की वूडू मधल्यामधे पडदा ताब्यात घेतं.

हाफ-लाइफ सुरू होतो. जुन्या मशीनवर हा खेळ फोटोंचा अल्बम उलटावा तसा चालायचा. आता ब्लॅक मेसाच्या पोटातून ट्राम सरकते, दिवे काचेवरून मागे जातात, आणि झटका नाही. ८०० बाय ६००. तुमच्या घरच्या कार्डाने काढलेलं चित्र आठवून हसू नका. तिच्याकडे बघा. ती गोळी झाडायचं विसरून नुसती भिंतींच्या जवळ जाऊन विटा बघतेय.

दहा मिनिटांनी सगळं गोठतं. अमेरिकेतल्या थंड बेसमेंटांत हीच चिप ४५०वर दिवसचे दिवस चालते. प्रिंटवर डोंबिवलीच्या एप्रिलबद्दल काही लिहिलेलं नाही. कॅबिनेटचं दार काढा, टेबलफॅन आणून थेट हीटसिंकवर लावा. पुन्हा चालू. आता अर्धा तास, मग तास. गोठत नाही. फॅन तिकडे गेल्यामुळे तुम्ही दोघं घामाने निथळताय.

या खोलीत एक गोष्ट अशी घडलीय की ती तुमच्या काळात मिळत नाही, आणि ती म्हणजे गंमत असं म्हणून मी सोडून देणार नाही. आजचा प्रोसेसर स्वतःचं तापमान मोजतो आणि जितका पळता येईल तितका स्वतःच पळतो. त्यातली शिल्लक कंपनीने कारखान्यातच काढून घेतलेली असते. गुणकाचं कुलूप उघडलेली चिप तीच कंपनी वेगळ्या नावाने जास्त पैशांना विकते. तेव्हा कंपनीने स्वतःच्या सोयीसाठी चांगल्या चिपला कमी आकडा लावला होता आणि एका विद्यार्थिनीला तो एका रेघेत खोडता आला. मला हा व्यवहार आजच्यापेक्षा न्याय्य वाटतो. चिप जळण्याचा धोका तिने पत्करला होता, फायदाही तिलाच मिळाला.

‘दादा, दिवाळीला दुसरं वूडू टू घेणार. दोन जोडली की १०२४ बाय ७६८.’

इथे तुमची जीभ शिवशिवेल. दुपारच्या त्याच दुकानात खालच्या फळीवर रिवा टीएनटीचा खोका पडून होता. तो बनवणाऱ्या एनव्हिडियाचा शेअर याच जानेवारीत १२ डॉलरला बाजारात आला. वूडूवाली थ्रीडीएफएक्स स्वतःच कार्डं बनवायच्या नादात आपल्या जुन्या गिऱ्हाइकांना, म्हणजे कार्ड बनवणाऱ्या कंपन्यांना, तोडते आहे. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात तिची मालमत्ता एनव्हिडिया विकत घ्यायला निघेल. दोन कार्डं जोडण्याचं एसएलआय हे नावसुद्धा पुढे तीच वापरेल. पण इतकं सगळं सांगायला लागलात तर तुम्हाला डोंबिवलीतच ठेवून घेतील.

‘कार्ड नको. रॅम घे,’ एवढं सांगा. ‘सप्टेंबरच्या आधी.’ २१ सप्टेंबरला तैवानात मोठा भूकंप होईल आणि रॅमचे भाव उसळतील. ती ‘का?’ विचारते. तुम्ही आणखी एक मागणी पुढे करा.

‘आणि उद्या रात्री मशीनची तारीख बदल. २५ नंतर थेट २७.’

त्या फुटपाथवरच्या सीडीत सीआयएच व्हायरस असेल किंवा नसेल. तैवानमधल्या एका विद्यार्थ्याने गेल्या वर्षी लिहिलेला हा व्हायरस विंडोज ९५ आणि ९८च्या प्रोग्रॅमांत चिकटून गप्प बसतो आणि २६ एप्रिलला जागा होतो. हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग शून्यांनी भरतो, आणि ४३०टीएक्ससारख्या चिपसेटवर बायॉसच पुसतो. मग मशीनला बटण दाबलेलंही कळत नाही. तिचा जुना बोर्ड नेमका टीएक्सचा, आणि तो शेजारच्या मुलाला विकायचा ठरलाय. परवा, सोमवारी, हिंदुस्थानातही हजारो मशीनं अशी बसतील.

‘सोमवारी माझं सबमिशन आहे. फायलींवर चुकीची तारीख येईल.’

‘येऊ दे.’

‘सर विचारतील.’

‘फायली उद्याच फ्लॉपीवर घे. आणि शेजारच्यालाही सांग, सोमवारी मशीन लावू नको म्हणावं.’

ती तुमच्याकडे जरा वेळ बघते. दुपारी दुकानात गप्प उभा राहिलेला माणूस आता हुकूम सोडतोय, हे तिला पटत नाही. तरी खेळ सेव्ह करते, मशीन रीस्टार्ट करते, डिलीट दाबून बायॉसमध्ये जाते. ‘उद्या रात्री विसरेन मी,’ असं पुटपुटत २४चे आत्ताच २७ करते. एफ-टेन, वाय, एंटर.

तेवढ्यात मामी दारात येते. हातात पोळीचं उलथणं, नजर खोक्यांवर, मग दार काढलेल्या कॅबिनेटवर, मग आपल्या टेबलफॅनवर.

‘केवढ्याला पडलं हे सगळं?’

ती निम्मा आकडा सांगते. मामी तुमच्याकडे बघते, आणि तुम्ही म्हणता, ‘त्याहून थोडं कमीच झालं, मामी.’