बोरघाटातील कामाची वाटणी

बांधकामाच्या धंद्यात ड्रॉइंग कितीही सुरेख असले, तरी कोणाला काय काम सांगितले आणि त्याने ते पुढे कोणाला सांगितले, यावरच सगळे अवलंबून असते. याचे मला माहीत असलेले सर्वांत मोठे उदाहरण आपण बेंगळुरूकर मंडळी उद्यान एक्सप्रेसने मुंबईला जाताना, लोणावळा सुटल्यावर, खिडकीतून धबधबे बघत मागे टाकतो. तो म्हणजे बोरघाट.

जीआयपी रेल्वेने या घाटाचा ठेका विल्यम फॅव्हिएल यांना दिला. मुंबई-ठाणे मार्गाच्या कामाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. पण इथे सुमारे २५ किलोमीटरमध्ये १,८३१ फूट चढायचे होते, २५ बोगदे खणायचे होते, आणि पावसाळ्यात तर काम जवळजवळ बंदच. काही कड्यांवर माणसे दोराने लोंबकळून सुरुंगाची भोके पाडत. हजारो मजुरांना कोणी साहेब एकेक करून काम सांगू शकत नव्हता. भाषेचाच प्रश्न होता. म्हणून ठेकेदाराने पोटठेकेदार नेमले, पोटठेकेदारांनी मुकादम गाठले आणि मुकादमांनी टोळ्या आणल्या. माझ्या मते ही रचना चांगलीच होती. टोळीतला कोण पहारीला चांगला आणि कोण नुसता बोलायला, हे मुकादमाइतके कोणाला कळणार?

खोट दुसरीकडे होती. काम वरून खाली नीट पोचत होते, पैसा मात्र पोचत नव्हता. मजुरी थकत गेली आणि जानेवारी १८५९ मध्ये मजूर खवळले. युरोपीय देखरेखवाल्यांवर हल्ले झाले. सरकारने चौकशी केली, तेव्हा पैसे देण्यातली दिरंगाई उघड झाली. त्याच वर्षी फॅव्हिएल यांनी ठेका सोडला. १८६० मध्ये रेल्वे व सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट मिटवावेत असा कायदा आला. मात्र काम अर्धवट सोडणाऱ्या मजुरालाही त्यात शिक्षा होती, हेही सांगायला हवे.

नवे ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्येच इथे आले आणि थोड्याच आठवड्यांत आजारपणाने वारले. ठेका त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांच्याकडे आला. परका मुलुख, नुकतेच वैधव्य, त्यात घाटात पटकीची साथ. कोणीही बोट पकडले असते आणि विलायत गाठली असती. बाईंनी अ‍ॅडमसन आणि क्लाउझर हे दोन अनुभवी माणसे नेमली आणि कामाची व्यवस्था त्यांच्यावर सोपवली. ठेका मात्र स्वतःच्या नावावर ठेवला. १८६१ मध्ये घाटात ४२,००० वर माणसे राबत होती.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी मार्गाचे उद्घाटन केले. या मार्गाची आखणी करणारे चीफ इंजिनिअर जेम्स बर्कले ते पाहायला नव्हते. १८६२ मध्येच ते निवर्तले होते.

मुकादम आजही आहे. इथे बेंगळुरूत त्याला मेस्त्री म्हणतात. शनिवारी संध्याकाळी त्याच्या हाती पैसे देताना त्याची टोळी शेजारी उभी असेल, एवढे मी बघतो.